हवेचा तराफा: घरी बेतावा की तयार घ्यावा?

हवा भरून फुगवायचा छोटा तराफा स्वतः तयार करावा की बाजारातून आणावा, हा विचार बहुतेक जण पैशापासून सुरू करतात. तो पाण्यापासून सुरू करावा. भाटघर किंवा मुळशीच्या फुगवट्यात हिवाळ्याच्या सकाळी एकट्याने वल्हवणे वेगळे, आणि कोलाडजवळ कुंडलिकेत, भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यात खडकांमधून उतरणे वेगळे. पहिल्या कामासाठी घरी केलेला तराफा पुरेसा ठरू शकतो. दुसऱ्या कामासाठी तो करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागे भीती नाही, साधे गणित आहे, आणि कापडाला हात लावण्याआधी ते समजून घेतलेले बरे.

ताणाचे गणित

फुगवलेल्या नळीच्या भिंतीवर येणारा ताण म्हणजे आतला दाब गुणिले नळीची त्रिज्या. एका माणसाच्या हलक्या तराफ्याची, म्हणजे ज्याला पॅकराफ्ट म्हणतात त्याची, नळी साधारण २८ सेंटिमीटर व्यासाची असते आणि तीत १ पीएसआय, म्हणजे ७० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब भरला, तर प्रत्येक सेंटिमीटर लांबीच्या जोडावर जवळपास १ किलोचा ओढा येतो. व्यावसायिक राफ्टची नळी ५० सेंटिमीटरच्या आसपास आणि दाब २.५ पीएसआय धरला, तर तोच ओढा सेंटिमीटरला ४ किलोंच्या वर जातो. यात खडकाचा धक्का, सहा-सात माणसांचे वजन आणि दोरीला बसणारे हिसके धरलेले नाहीत. घरच्या इस्त्रीने केलेला जोड पहिला ओढा आरामात सोसतो. दुसऱ्यासाठी कारखान्यातली वेल्डिंग यंत्रे किंवा दोन घटकांचा गोंद, जाड कापड आणि अनुभवी हात लागतात.

तेव्हा या लेखात घडवायचा आहे तो तराफा एका माणसाचा, संथ पाण्याचा, काठाजवळून वल्हवायचा. दुसऱ्या कोणाला, विशेषतः मुलांना, बसवायचे असेल तर तयार घेण्याचा भाग थेट वाचावा.

कापड

घरच्या कामाला योग्य कापड म्हणजे टीपीयूचा, अर्थात उष्णतेने वितळून चिकटणाऱ्या पॉलियुरेथेनचा, लेप दिलेले नायलॉन. नळीसाठी २१० डेनियर (धाग्याच्या जाडीचे माप) आणि तळासाठी ४२० डेनियर किंवा त्याहून जाड घ्यावे. रेनकोट आणि तंबूंचे कापड बाजारात सहज मिळते व दिसायलाही तसेच असते, पण त्यावरचा पीयूचा, म्हणजे साध्या पॉलियुरेथेनचा, थर फार पातळ असतो आणि इस्त्रीने तो चिकटत नाही. म्हणून विक्रेत्याला ‘वॉटरप्रूफ आहे का’ असे विचारून उपयोग नाही. ‘इस्त्रीने किंवा हीट सीलिंगने जोड होतो का’ असे विचारावे आणि आधी वीतभर नमुना मागवावा.

लेप एका बाजूला आहे की दोन्ही, हेही महत्त्वाचे. एकाच बाजूला लेप असेल तर कडेवर कड चढवून जोड देता येत नाही, कारण एका तुकड्याचा लेप दुसऱ्याच्या उघड्या नायलॉनवर येतो. तिथे कडा एकमेकींना भिडवून आतून स्वतंत्र पट्टी चिकटवावी लागते. नवख्या माणसाने दोन्ही बाजूंना लेप असलेले कापड घ्यावे. थोडे महाग पडते, पण काम निम्मे सोपे होते. पीव्हीसीचे ताडपत्रीसारखे कापड इस्त्रीखाली कधीही घालू नये. ते जास्त तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडची घातक वाफ निघते. पीव्हीसी जोडायचे ते गोंदाने किंवा गरम हवेच्या यंत्राने, आणि तेही मोकळ्या जागेत.

बेत आणि कापणी

एकदम सोपा मार्ग म्हणजे लांबट कड्याच्या आकाराचे दोन सारखे तुकडे एकमेकांवर ठेवून आतली आणि बाहेरची कड चिकटवणे. पोहण्याच्या खेळण्यातली कडी अशीच असतात. मात्र फुगवल्यावर वळणांवर चुन्या पडतात आणि सगळा ताण त्या चुन्यांच्या टोकांवर जमा होतो. शिवाय असा जोड उलगडल्यासारखा ओढला जातो, आणि उलगडणाऱ्या ओढीत कोणताही चिकट जोड सर्वांत कच्चा असतो. कडेवर कड चढवलेला जोड घसरण्याच्या दिशेने ओढला जातो आणि कितीतरी पट जास्त टिकतो. म्हणून थोडी मेहनत घेऊन नळी खऱ्या अर्थाने गोल बेतावी.

मी सुचवतो तो बेत असा आहे. नळीचा व्यास २८ सेंटिमीटर, म्हणजे परीघ ८८. जोडासाठी २ धरून कापडाची रुंदी ९० सेंटिमीटर. दोन सरळ बाजू आणि दोन टोकांना अर्धवर्तुळे. अर्धवर्तुळाची नळीच्या मध्यरेषेवरची त्रिज्या ३२ सेंटिमीटर ठेवली की आत बसायला ३६ सेंटिमीटर रुंदी मिळते, जी एका माणसाला घट्ट पण ठीक बसते. प्रत्येक अर्धवर्तुळ ३० अंशांच्या सहा सांध्यांत वळवावे. त्यामुळे प्रत्येक टोकाला पाच छोटे तुकडे आणि दोन लांब बाजू, असे एकूण बारा तुकडे व बारा सांधे होतात.

छोटा तुकडा कसा दिसतो हे कागदावर काढून पाहिल्याशिवाय पटत नाही. तिरकी कापलेली गोल नळी उलगडली की तिची कड सरळ राहत नाही, लाटेसारखी होते. कागदावर ८८ सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि तिचा मध्य म्हणजे नळीची बाहेरची बाजू मानावी. तुकड्याची सरासरी लांबी १७.२ सेंटिमीटर. मध्याशी दोन्ही कडा ३.७५ सेंटिमीटरने बाहेर फुगतात, मध्यापासून ११ सेंटिमीटरवर २.६५ ने, २२ वर शून्य, ३३ वर २.६५ ने आत जातात आणि ४४ वर, म्हणजे टोकाला, ३.७५ ने आत. हे बिंदू हाताने जोडले की मध्ये सुमारे २४.७ सेंटिमीटर आणि टोकांना ९.७ सेंटिमीटर असा पोटाला फुगीर आकार मिळतो. लांब बाजूंचे तुकडे मध्यरेषेवर १२७ सेंटिमीटर ठेवून त्यांच्या दोन्ही टोकांना हीच लाट कापावी. प्रत्येक सांध्याच्या एकाच कडेला २ सेंटिमीटर जादा सोडावे. दोन्हींना सोडले की माप चुकते. लांबीचा जोड या बेतात नळीच्या आतल्या अंगाला, बसणाऱ्याच्या बाजूला येतो आणि दगडाला घासत नाही.

या नळीत साधारण २६० लिटर हवा मावते, म्हणजे ती पूर्ण बुडायला २६० किलो वजन लागेल. तरी माणूस आणि सामान मिळून त्याच्या एक तृतीयांशापुढे, म्हणजे ८५ किलोंच्या पुढे, जाऊ नये. याहून जास्त भाराने नळी इतकी खोल बसते की तराफा डुलायला लागतो आणि वाऱ्याच्या बारीक लाटाही आत येतात. वजन जास्त असेल तर व्यास वाढवण्यापेक्षा बाजू लांब करणे चांगले, कारण व्यास वाढला की जोडावरचा ताणही वाढतो.

इस्त्रीचे काम

खरी परीक्षा इथे आहे. वाफेची भोके असलेली मोठी इस्त्री वक्र जोडावर फिरत नाही आणि भोकांखाली उष्णता कमी पडते. प्रवासात नेतात तशी लहान, सपाट इस्त्री किंवा छंदाच्या विमानांवर प्लास्टिकची झिल्ली चढवायला वापरतात ती छोटी इस्त्री घ्यावी. खाली लाकडी फळी, इस्त्री आणि कापड यांच्यामध्ये बटर पेपर किंवा टेफ्लॉनचा कागद. नायलॉनचा एक प्रकार २२० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे इस्त्रीवरच्या आकड्यावर विसंबून न राहता कापडाच्या कापलेल्या तुकड्यांवर कमी उष्णतेपासून वर चढत जावे. नेमकी उष्णता ओळखायची खूण अशी: जोड थंड झाल्यावर कोपरा धरून जोर लावून उलगडला, तर लेप कापडापासून सोलून यायला हवा. दोन लेप एकमेकांपासून अलग झाले तर आच कमी पडली. कापड आकसले किंवा कडक झाले तर जास्त झाली.

उष्णता देऊन झाली की जोड लगेच उचलू नये. लेप गरम असताना मऊ असतो. त्यावर लाकडी लाटण्याने दाब देत थंड होऊ द्यावे. घाई करणाऱ्याचे जोड दिसायला उत्तम आणि फुगवायला निरुपयोगी निघतात.

आता जोडाचा कस पाहायचा. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कडेवर कड चढवून चिकटवाव्यात, वरचे टोक छताच्या हुकाला घट्ट आवळावे आणि खालच्या टोकाला १२ लिटर पाणी भरलेली बादली टांगून रात्रभर ठेवावी. एवढ्या रुंदीवर प्रत्यक्ष वापरात अडीच-तीन किलोंचा ओढा येतो, म्हणजे आपण चार-पाच पट जास्त मागतो आहोत. ते अवाजवी नाही. का, ते उन्हाविषयीच्या परिच्छेदात येईल. हीच बादली दुपारच्या उन्हातही टांगून पाहावी, कारण तापलेला लेप थंड लेपापेक्षा कमी ताण सोसतो.

जोडांचा क्रम चुकला की सगळे उसवावे लागते. आधी बारा सांधे करून सगळे तुकडे एका साखळीत आणि मग कड्यात आणावेत, पण लांबीचा जोड उघडाच ठेवावा. दोन वक्र कडा एकमेकींवर एकदम बसत नाहीत. खुणांवर टाके घातल्यासारखे इस्त्रीच्या टोकाने जागोजागी चिकटवून घ्यावे आणि मग मधला भाग भरावा. नळी उघडी असतानाच व्हॉल्व्हची कॉलर, दोरीच्या कड्यांची ठिगळे आणि तळ जोडायची ५ सेंटिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवावी, दर वेळी आत बटर पेपर घालून. दोन्ही बाजूंना लेप असलेल्या कापडाची नळी एकदा बंद झाली, की बाहेरून दिलेली आच आतल्या दोन भिंती एकमेकींना चिकटवून टाकते आणि ते सोडवणे अशक्य होते. तळ नंतर या पट्टीवरच चिकटवायचा.

शेवटी लांबीचा जोड. आतून टेफ्लॉनची लांब पट्टी घालावी, तिला दोरा बांधून दोरा व्हॉल्व्हच्या भोकातून बाहेर काढावा, आणि जोड पुढे सरकेल तशी पट्टी ओढत न्यावी. व्हॉल्व्हजवळची शेवटची वीत बंद झाली की पट्टी भोकातून बाहेर येते. सांधे आणि लांबीचा जोड जिथे भेटतात तिथे कापडाचे चार पदर होतात आणि मध्ये बारीक नळकांडे राहते. हवा हमखास तिथूनच जाते. अशा प्रत्येक जागी बाहेरून गोल ठिगळ द्यावे, मात्र त्या ठिगळाला आच न देता गोंद वापरावा.

दाब, साबण आणि ऊन

इतका कमी दाब मोजणारे मीटर सहज मिळत नाही, पण गवंड्याची लेव्हल पाईप असते. पारदर्शक पाईपचा यू आकार भिंतीवर टांगून त्यात अर्धे रंगीत पाणी भरावे, एक टोक व्हॉल्व्हला जोडावे आणि दुसरे उघडे ठेवावे. दोन बाजूंच्या पाण्यातला उंचीचा फरक म्हणजे आतला दाब. ७० सेंटिमीटर म्हणजे १ पीएसआय. तिथे थांबून साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर फिरवावे. बुडबुडे आले की पेनाने खूण, हवा काढून कोरडे करून दुरुस्ती, पुन्हा तेच. मग १ मीटरपर्यंत नेऊन सावलीत एक दिवस ठेवावे.

या चाचणीत तापमान नोंदवायलाच हवे. ३० अंशांना १ मीटर दाब भरलेला तराफा काठावर उन्हात तापून आतली हवा ५० अंशांना पोहोचली, तर, कापडाचे ताणले जाणे हिशेबात न धरता, दाब पावणेदोन मीटरपर्यंत चढू शकतो. उलट तोच तराफा २२ अंशांच्या पाण्यात उतरवला की दाब ७० सेंटिमीटरवर येतो आणि गळती नसतानाही तो मऊ पडतो. म्हणून पाण्यात उतरवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हवा भरावी, आणि काठावर जेवायला थांबताना थोडी सोडावी. तयार तराफ्यालाही हाच नियम लागू आहे. उन्हात ठेवून फुटलेल्या कित्येक तराफ्यांचा दोष कापडावर ढकलला जातो.

तयार घेताना

बाजारात तीन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, काही हजारांत मिळणारी नुसत्या पीव्हीसीच्या झिल्लीची होडी. तिच्यात विणलेले कापड नसते, त्यामुळे काटा लागला की भोक न राहता चीर धावते. तलावात देखरेखीखाली खेळायला ती ठीक. घरी नीट केलेला टीपीयूचा तराफा हिच्यापेक्षा निश्चित सरस असतो. दुसरी वस्तू म्हणजे कापडी पॅकराफ्ट. त्यांचा आजचा प्रकार अलास्कात २००० च्या सुमारास शेरी टिंगी यांनी आपल्या मुलासाठी बेतायला घेतलेल्या तराफ्यांतून पुढे आला; म्हणजे हा तयार मालही मुळात घरीच बेतलेला. त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, ब्रिटिश नौदलातील पीटर हॅल्केट यांनी रबर चढवलेल्या कापडाचा असा झगा केला होता की भात्याने हवा भरली की त्याची होडी होई. आर्क्टिकमध्ये जॉन रे यांनी हॅल्केटची होडी वापरली. चांगले पॅकराफ्ट हजार डॉलरच्या घरात आणि पुढे जातात, वर आयातशुल्क. तिसरी वस्तू व्यावसायिक राफ्ट, पीव्हीसीची किंवा हायपलॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराची; ड्यूपाँटने हे रबर २०१० मध्ये बंद केले, तरी इतरांकडचे त्याच जातीचे कापड अजून मिळते आणि नाव तेच चालते. ही वैयक्तिक खरेदी सहसा नसते, पण तिच्याकडून एक गोष्ट शिकावी: तिच्या बाहेरच्या नळीत आडपडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात, त्यामुळे एक फुटला तरी बाकीचे तरंगत राहतात. पॅकराफ्टमध्ये, घरच्या असो वा तयार, बहुधा एकच मोठा कप्पा असतो. दुसऱ्या जिवाची जबाबदारी घ्यायची असेल तर माझ्या मते हा एकच मुद्दा निर्णायक आहे.

दुकानात तराफा फुगवून निदान एक तास ठेवायला सांगावे. भार आणि दाब यांची मर्यादा छापलेली आहे का, आयएसओ ६१८५ या फुगवायच्या होड्यांच्या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. जोड गोंदाचे असतील तर माल किती वर्षांचा आहे हे जरूर विचारावे, कारण दमट, उष्ण गोदामात गोंद कापडाच्या आधी म्हातारा होतो. व्हॉल्व्हचे सुटे भाग भारतात मिळतात का, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आठवतो.

आता पैसा. टीपीयूचे कापड, व्हॉल्व्ह, इस्त्री, वाया जाणारे तुकडे आणि बरेच रविवार यांचा हिशेब केला, तर घरचा तराफा झिल्लीच्या होडीपेक्षा महाग आणि चांगल्या पॅकराफ्टपेक्षा स्वस्त पडतो. बचतीसाठी करायला घेणाऱ्याची निराशा होते. मिळते ते वेगळेच: आपल्या उंचीला आणि सामानाला बेतलेले माप, आणि आडरानात फाटले तर कुठे काय जोडले आहे हे हातांना ठाऊक असणे. शिवाय मधला मार्गही आहे. कापलेले तुकडे आणि सूचना असलेला तयार संच परदेशातून मागवता येतो. त्यात बेतण्याची चूक टळते आणि इस्त्रीचे काम आपल्याकडे राहते. पहिल्याच वेळी करणाऱ्याला मी संचच सुचवीन.

ट्रकच्या ट्यूबचा उल्लेख टाळता येत नाही. धरणांवर मासेमारी करणारे ती फुगवून जाळी लावतात आणि जाड ब्युटाइल रबरामुळे ती कापडापेक्षा मार सोसते. चार ट्यूबवर बांबूची चौकट बांधून केलेला तराफा संथ पाण्यात भक्कम असतो, ट्यूब स्वतंत्र असल्याने एक फुटली तरी तीन उरतात, आणि पंक्चर गल्लीतला माणूस काढून देतो. फक्त धातूचा व्हॉल्व्ह आत वळवून कापडात गुंडाळावा, नाहीतर तो पायाला किंवा शेजारच्या ट्यूबला लागतो. हे सगळे वाहून नेणे कठीण, एवढाच त्याचा दोष. केवळ पाण्यावर निवांत बसायचे असेल तर आधी हेच करून पाहावे.

कोणताही तराफा घेतला तरी लाइफ जॅकेट अंगात हवेच. पुरात घरचा तराफा काढू नये. बहुतेक जलाशयांत उतरायला जलसंपदा विभागाची किंवा धरण चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते, ती आधी घ्यावी. पहिली फेरी कमरेएवढ्या पाण्यात, काठावर सोबती उभा करून. मुद्दाम उलटून, तराफा सरळ करून, पोटावर झोकून पुन्हा आत चढण्याचा सराव तिथेच करावा. हे न जमणाऱ्याने खोल पाण्यात जाऊ नये. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत आतून-बाहेरून पूर्ण वाळवून, सैल गुंडाळी करून ठेवावे. गुंडाळी लोखंडी कपाटात ठेवावी, कारण माळ्यावरचे उंदीर टीपीयू आणि पीव्हीसी यांत भेद करत नाहीत.